दुसऱ्या नंबरचा कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना गेमचा कंट्रोलर आहे, आणि तोही दुसऱ्या नंबरचा. कारखान्यातून आम्ही दोघे भाऊ एकाच खोक्यात निघालो. पहिल्याला सगळा मान, मला उरलंसुरलं. ज्या घरी आलो तिथे बाप आणि लेक अशी दोनच माणसं होती. बाबा शिंपी, लेक कचेरीत नोकरीला. दुकान बंद करून आले की बाबा मला हातात घेत आणि लेकीशी मोटारींची शर्यत लावत. कात्रीने घट्टे पडलेला त्यांचा अंगठा घासून घासून माझ्या बटणांवरच्या खुणा पुसल्या गेल्या. "हा रिमोट माझ्या हाताचा आहे," असं ते पाहुण्यांना सांगत. मी रिमोट नाही, पण तेवढं मी चालवून घेत असे.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजवा हात मात्र रुसून बसला. व्यायाम शिकवायला एक बाई येत. "अंगठा आला की कात्री येईल," असं बाबा त्यांना रोज सांगत. दुकानाला कुलूप होतं. घरातली दोघंही त्या एका अंगठ्याची वाट बघत होती.

त्यांचं मन रमावं म्हणून लेकीने नवा गेम आणला. यात शर्यत नव्हती. आपण एक माणूस घडवायचा आणि तो होऊन एका अनोळखी मुलखात राहायचं. पहिली संध्याकाळ तर त्याचं नाक निवडण्यातच गेली. पुढे त्याचा पेशा ठरवायचा होता. योद्धा, तिरंदाज की मांत्रिक?

"यात शिंपी नाही?" बाबांनी विचारलं.

"बाबा, राक्षस मारायचेत. त्यांची मापं नाही घ्यायची."

"आधी माप घेतलं तर मारायला सोपं जाईल, ठमे."

शेवटी तिरंदाज ठरला. त्याचा अंगरखा बघून बाबांनी नाक मुरडलं. शिवण खांद्यावरून उतरली होती म्हणे.

पण हा गेम एकट्याचा निघाला. तो फक्त माझ्या भावाचं ऐके, माझी वायर जोडलेली असूनही मला कोणी विचारत नव्हतं. लेकीने पहिला कंट्रोलर बाबांना दिला. डाव्या हाताने त्यांनी तिरंदाजाला छान चालवलं. मग लांडगा आला, आणि बाण सोडायचं बटण नेमकं उजव्या अंगठ्याखाली. तिरंदाज खांबासारखा उभा राहिला आणि मेला. पुन्हा मेला. बाबांनी कंट्रोलर लेकीच्या मांडीवर ठेवला.

"तू खेळ. मी बघतो."

तेव्हा लेकीला माझी आठवण झाली. मला त्यांच्या हातात देऊन ती म्हणाली, "तुमचा अंगठा ज्या बटणाकडे झुकेल, ते मी माझ्याकडे दाबते."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. जमेल की."

असा आमचा खेळ सुरू झाला. लेकीला डोंगरापलीकडचा राक्षस बघायची घाई, आणि बाबा पहिल्या गावातून हलायला तयार नाहीत. "तो दाढीवाला केव्हाचा उभा आहे. काय हवंय विचार त्याला." कुणाची शेळी हरवलेली, कुणाची बादली विहिरीत पडलेली. बाबांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. त्यात अंगठा झुकायला फार वेळ लागे. एकदा लेकीने कंटाळून आधीच बटण दाबलं.

"मी अजून दाबलं नव्हतं," बाबा म्हणाले. मला बाजूला ठेवून ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला त्यांच्या हातात दिलं. त्यानंतर ती थांबायला शिकली. लांडगे तिरंदाजाचे लचके तोडत, तरी ती बाबांच्या अंगठ्याकडे बघत थांबे. मित्रांनो, ज्याचं एकही बटण चालत नव्हतं, त्या माझे ते सगळ्यात सुखाचे दिवस होते.

एका दुपारी तिरंदाज गावाबाहेरच्या पुलावर पोचला. पलीकडे जायचंय का, असं पहारेकऱ्याने विचारलं. तेवढ्यात लेकीच्या कचेरीतून फोन आला. तिने तो मान वाकडी करून खांद्याशी धरला. इकडे बाबांचा अंगठा माझ्या बटणावर आला, टेकला, आणि खाली गेला. पूर्ण खाली. टक.

"दाबलं," बाबा म्हणाले.

"हो बाबा, दाबलं," ती म्हणाली आणि तिने आपलं बटण दाबलं.

"तू नाही गं. मी."

"हां, छान." ती फोनवरच्या साहेबांना कसलीशी तारीख सांगत होती.

बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी अंगठा नुसता टेकला. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, पण परत काही बोलले नाहीत.

पुढच्या पहाटे त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

भेटायला आलेल्या आत्यापाशी लेक रडली. "अंगठा काही आला नाही गं आत्या. तेवढं तरी सुख त्यांना मिळायला हवं होतं."

"नशिबात नव्हतं त्याच्या," आत्या म्हणाली.

मी तिथेच सोफ्यावर पडलो होतो. आला होता, असं मला ओरडून सांगायचं होतं, पण मला तोंड नाही. आता मी कपाटाच्या तळाच्या खणात असतो आणि वायरीवर धूळ साचते. त्याचं मला काही वाटत नाही. ती टक बाबांशिवाय आणि माझ्याशिवाय कुणीच ऐकली नाही, याचं वाटतं.

म्हणून मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, माझं काय व्हायचं ते होवो. पण तुमच्याशेजारी बसलेलं कुणी हळूच म्हणालं, "मला जमलं," तर हातातलं खाली ठेवा आणि त्याच्याकडे वळून बघा. अशी माणसं तिसऱ्यांदा सांगत नाहीत.