पेन्सिलीतलं कडवं

माणूस गेला की लोक अलंकार घेऊन घरी येतात. मी एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, त्यामुळे ते मला लगेच ओळखू येतात. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडर म्हणाले, "आधारवड कोसळला हो." रूपक, एक गुण. नणंद म्हणाली, "वहिनी, या भिंतीसुद्धा रडतायत." चेतनगुणोक्ती, एक गुण. भिंतींना ओल आहे, ती गेल्या वर्षापासूनच आहे. ह्यांच्या ओळखीचे कुणी तरी म्हणाले, "सागरासारखं मन होतं." उपमा, अर्धा गुण, कारण ह्यांना पाण्याची भीती वाटायची. मी सगळ्यांना चहा दिला, गुण दिले आणि ते गेल्यावर कडी लावून घेतली. मला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल बोटाला लागतो पण आपला वाटत नाही, तसं.

हे गीतकार होते. गाणी लोकांना तोंडपाठ, नाव कुणाला ठाऊक नाही, त्यातले. संगीतकार मास्तर चाल द्यायचे आणि हे त्यावर शब्द बसवायचे. खरे शब्द सुचेपर्यंत चाल रिकामी राहायला नको म्हणून तिच्यात कानावर पडेल ते भरायचं, त्याला डमी म्हणतात. एका विरहगीताची डमी 'नळ गळतो, गळू दे ना, प्लंबर काही येत नाही' अशी होती. पुढे त्या गाण्यावर लोक ढसाढसा रडले. मला मात्र ते कुठंही लागलं की प्लंबर आठवतो.

डमी पेन्सिलीत लिहायची, खरे शब्द शाईत. शाईतलं झालं की वही माझ्याकडे यायची आणि मी खोडरबर घेऊन पेन्सिलीतलं पुसून टाकायची. चाळीस वर्षं आमचं हेच चाललं होतं. लग्नात मी ह्यांना पेन दिलं होतं, ते शेवटपर्यंत तेच. फक्त रिफील बदलायची.

ह्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते. हे गेले त्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले होते. हे बाहेरून काही तरी म्हणाले, पण बादलीत नळ चालू होता, ऐकू आलं नाही. ओरडून विचारायचाही कंटाळा केला. अर्ध्या तासानं कंपाउंडर धावत वर आले. कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानासमोर हे फुटपाथवर पडले होते. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं. तिथून मिळालेली कपड्यांची पिशवी मी दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवली आणि उघडली नाही.

पाचव्या दिवशी मी टेबल आवरलं. वही उघडीच होती. दोन कडवी शाईत, तिसरं पेन्सिलीत. मी खोडरबर घेतला आणि तिसरं पुसून टाकलं. वाचलंही नाही. तास संपल्यावर फळा पुसतात तसं पुसलं, भुगा फुंकला, वही मिटली.

बुधवारी मास्तर आले. चपला काढताना त्यांचा हात भिंतीला टेकला होता. ते अलंकारात बोलले नाहीत, मुद्द्याचंच बोलले.

"वहिनी, शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे. गायिका शनिवारी चालली बाहेरगावी, दोन महिने. तिसरं कडवं हवंय."

"ते झालं नव्हतं. डमी होती. मी पुसली."

"मग निर्माते दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेणार. माणूसही बघून ठेवलाय त्यांनी." मास्तर खाली बघत म्हणाले, "त्याचं शेवटचं गाणं, आणि शेवट परक्याच्या हातचा. मला नाही बघवणार. तुम्ही लिहा ना."

"मी? मी फक्त चुका काढते."

"त्याच्या चाळीस वर्षांच्या काढल्यात की."

ते गेल्यावर मी वही उघडली. गाणं असं होतं:

अंगणात चेंडू गेला,
एक डाव उरला आई,
ऊन आहे थोडं अजून,
दार नुसतं लोटून ठेव.

गाडी सुटायच्या आधी
तुझा रुमाल सापडला,
परत देईन येताना,
दार नुसतं लोटून ठेव.

शाळेत मी मुलांना सांगायची की ध्रुवपद पुन्हा येतं ते लक्षात राहावं म्हणून. हे उत्तर अर्धवट आहे, आणि ते मला माहीत होतं, पण पुस्तकात तेवढंच होतं. ध्रुवपदातला एकही शब्द बदलत नाही. बदलतं ते त्याच्या आधीचं, आणि मग तेच शब्द निराळे ऐकू येतात. पहिल्या कडव्यात पोर आईला सांगतंय, तिथं दार म्हणजे नुसता हट्ट. दुसऱ्यात बाप्या माणूस आहे, रुमाल खिशात घालून निघालेला, आणि तिथं त्याच ओळीची थोडी भीती वाटते. तिसऱ्यात ती ओळ कुठं जाणार हे मला कळत होतं. तिच्या आधीच्या तीन ओळी काही केल्या सुचत नव्हत्या.

गुरुवारी सकाळपासून मी बसले. वाऱ्याला बोलायला लावलं. दिव्याला डोळे दिले. वाट, पैलतीर, पाखरू, सगळ्यांना कामाला जुंपलं. अनुप्रास तर असा साधला की म्हणताना जीभ अडखळावी. दुपारी वाचून बघितलं. माझ्या वर्गातल्या मुलीनं लिहिलं असतं तर दहापैकी आठ दिले असते आणि खाली लाल शाईत लिहिलं असतं, 'छान, पण हे कोण बोलतंय?' मी कागद फाडला.

चार वाजता मास्तर आले. माझं तोंड बघून त्यांनी खिशातून फोन काढला.

"त्यानं त्या दिवशी सकाळी मला डमी गाऊन पाठवली होती. मी चालीपुरती ऐकली आणि बंद केली. डमीचे शब्द कोण ऐकतं? नंतर तर धीरच झाला नाही. निदान मात्रा तरी मिळतील तुम्हाला."

त्यांनी बटण दाबलं. मागं बादलीत पाणी पडत होतं, तो आमचाच नळ. मग ह्यांचा आवाज आला, चिरका, सुरात पण चिरका.

चष्मा तुमचा फ्रीजवर,
गोळी घेतलीत का हो,
मोजे ओले, घालू नका,
दार नुसतं लोटून ठेव.

मास्तरांचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं. मी त्यांचा हात धरला.

"मास्तर," फोनमध्ये हे म्हणाले, "हे डमी नाही बरं का. डमीसारखं वाटतं म्हणून सांगतो. हेच कडवं. वहीत पेन्सिलीत लिहिलंय, कारण रिफील संपली. आता खाली जाऊन आणतो आणि आल्या आल्या शाईनं लिहितो. नाही तर आमच्या बाई पुसून टाकतील." मग हसले. मग फोन बंद झाला.



मी ते कडवं पुन्हा लावायला सांगितलं. त्यात एकही अलंकार नव्हता. 'अलंकार ओळखा' म्हटलं असतं तर मुलांनी कोरा कागद दिला असता आणि मला पूर्ण गुण द्यावे लागले असते. ह्यांनी एकच केलं होतं. पहिल्या दोन कडव्यांत चारही ओळी निघालेल्या माणसाच्या आहेत. तिसऱ्यात तीन ओळी मागं राहणाऱ्या बाईच्या, 'अहो'तल्या, रोजच्या कटकटीच्या. त्या माझ्या ओळी होत्या. त्याच सकाळी मी त्या बोलले होते, तिन्ही, ओट्याशी, त्यांच्याकडे न बघता. उत्तरादाखल त्यांच्याकडे फक्त शेवटची ओळ उरली होती.

मास्तरांनी खिशातलं पेन पुढं केलं. "लिहून टाका वहिनी. वाटलं तर मी लिहितो."

"नको."

फ्रीजवर सामानाची यादी अठरा दिवस तशीच चिकटवलेली होती. साबण, काड्यापेटी, आणि खाली ह्यांच्या अक्षरात, पेन्सिलीत, 'निळी रिफील'. तीन दिवस मागत होते. मी म्हणाले होते, उद्या आणते.

मी पर्स घेऊन खाली उतरले. कोपऱ्यावर गेले. दुकानासमोरच्या फुटपाथवर दोन मुली उभ्या राहून वह्यांना कव्हरं घालत होत्या. मी त्यांना वळसा घालून आत गेले आणि निळी रिफील मागितली. दुकानदारानं मला ओळखलं, काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचे मला आभार मानावेसे वाटले.

घरी येऊन पिशवी खिळ्यावरून काढली, कारण पेन त्यातच असणार होतं. शर्टाच्या खिशात होतं. घड्याळ होतं, चष्मा होता, चपला होत्या. रिफील बदलली. वही खिडकीशी तिरकी धरली तर पेन्सिलीचे वळ कागदावर दिसत होते. हे दाबून लिहायचे, मी त्यावरून कायम बोलायची. मी त्या वळांवरून शाई फिरवायला लागले. ह्यांचं अक्षर, माझा हात. मास्तर बाजूला उभे राहून हळू आवाजात मात्रा मोजत होते.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी लिहिताना हात थांबला. पिशवीत चपला होत्या. बूट नव्हते, मोजे नव्हते. जन्मात कधी माझं न ऐकणारा माणूस त्या दिवशी मोजे न घालता, चपला सरकवून खाली गेला होता.

मी पेन ठेवून गॅलरीत गेले. अठरा दिवस त्याच दोरीवर मी बाकीचे कपडे घालत होते आणि काढत होते. कोपऱ्यात ते दोन करडे मोजे एका चिमट्यात अडकलेले होते. मी ते काढले, सवयीनं गालाला लावून बघितले, आणि मला रडू फुटलं, मोठ्यानं, मास्तर आत उभे असताना.

मोजे केव्हाच वाळले होते.