अध्यक्षांच्या दारावरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. गाडीवर मिरवणारा नव्हे. नगराध्यक्षांच्या दारावरचा, लिंबाएवढा. मी लागलो की आत जायचं नाही, एवढंच माझं काम.

अध्यक्ष नवे होते तेव्हा मला कोणी विचारत नव्हतं. दार सताड उघडं असायचं. लोक आत जाऊन भांडायचे, अध्यक्ष ऐकून घ्यायचे, वर चहा पाजायचे. मग हळूहळू त्यांना होकाराची चटक लागली. तोंडावर खरं बोलणारा माणूस जिन्यात दिसला, की ते टेबलाखालचं बटण दाबायचे. मी पेटायचो. शिपाई रोज माझी काच पुसायचा आणि मी फुशारायचो. उजेडापेक्षा मिजास मोठी.

एके दुपारी अध्यक्षांची थोरली बहीण आली. ती नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स. बाळंतिणींच्या खोलीचं छत फुगून खाली आलं होतं, ते तिला सांगायचं होतं. दुरुस्तीचा निधी अध्यक्षांनी आपलं दालन सजवण्यात घातला होता. दाराच्या काचेतून त्यांनी तिला पाहिलं आणि बटण दाबलं.

"ताई, दिवा लागलाय," शिपाई म्हणाला. "आता यम आला तरी बाकावरच बसणार."

"अरे, त्याचं नाक मी पुसलंय. मला कसला दिवा?"

"मग ढकला दार. मी पाहिलं नाही म्हणेन."

तिचा हात कडीपर्यंत गेला नि थांबला. "नको. एवढी माणसं बसलीत. त्यांच्यादेखत भावाचा मान जायला नको."

ती बसून राहिली. आत अध्यक्ष एकटेच पेपर वाचत होते. संध्याकाळी ते मागच्या दारानं निघून गेले. ती त्यांच्या घरी गेली, तर उत्तर मिळालं, "साहेब दौऱ्यावर गेलेत."

बटण माझ्या हातात नव्हतं, हे खरं. पण त्या दुपारी मी ऐटीत जळत होतो, हेही तितकंच खरं.

त्याच आठवड्यात छत कोसळलं. एक बाळंतीण गेली. तिचं बाळ ताईनं अंगाखाली घेतलं म्हणून वाचलं. ताईचा उजवा हात कायमचा लुळा पडला.

चौकशीला माणसं आली. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही हो."

ताई दारात उभी होती. म्हणाली, "खरंय. आमचा बाळ्या खोटं बोलत नाही."

खरंच होतं ते. ते खरं राहावं म्हणूनच तर मला लावत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी कुठल्या तोंडानं म्हणू? असा दिवा कुठे पेटलेला दिसला आणि तुमच्याजवळ आत सांगण्यासारखं काही असलं, तर मानबिन नंतर बघा. आधी दार ढकला.