कुंपणाच्या आतला बोका

पेनी मेली ती नोरीन टॅपलिनच्या मांडीवर. विष भिनलेली कुत्री आधी पिसाटासारखी धावत सुटली, मग पाय ताठरले, तोंडाला फेस आला. शेजारच्या टिंकर्स वेल अभयारण्याच्या लेस्टरनं कोल्ह्यांसाठी विषारी मांस टाकलं होतं आणि नोरीनला निरोप द्यायला विसरला होता. नवरा गेल्यापासून त्या मेंढ्यांच्या माळावर नोरीनचं ऐकून घेणारी पेनी एवढीच होती.

"राहून गेलं गं," लेस्टर फोनवर म्हणाला. "आता कुत्रंच ते, दुसरं मिळेल."

नोरीननं फोन ठेवला. रडली नाही. पण ते 'दुसरं मिळेल' तिच्या काळजात रुतून बसलं.

लेस्टरचा जीव कशात अडकलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं. अभयारण्याच्या मधोमध विजेच्या तारांचं उंच कुंपण होतं, आणि आत बिल्बी. सशासारखे कान, चिचुंद्रीसारखं नाक, बिळात राहणारे गरीब जीव. बाहेर मांजरांनी आणि कोल्ह्यांनी त्यांचा निर्वंश केला होता. लेस्टरनं मात्र आत ते पोटच्या पोरांसारखे वाढवले होते.

हिवाळ्यात नोरीनच्या लोकर कातरायच्या शेडमागे एक दांडगा रानबोका पिंजऱ्यात सापडला. एरवी तिनं तिथंच गोळी घातली असती. या वेळी तिनं पिंजरा गाडीच्या मागच्या हौद्यात चढवला आणि वर ताडपत्री बांधली.

टिंकर्स वेलचा रस्ता म्हणजे नुसती लाल वाळू. चाकांतली हवा कमी करून, चारही चाकांना जोर देत ती टेकाडामागून टेकाड चढत राहिली. मागे बोका गुरगुरत होता.

कुंपणाच्या फाटकाशी लेस्टर हसतच आला. "अगं नोरीन! तू आणि आमच्याकडे? वाट चुकलीस की काय?"

"म्हटलं तुझी पिल्लावळ तरी बघावी."

"झडती घ्यायचा नियम आहे बरं," तो म्हणाला, "पण शेजारणीची कसली झडती? जा, पाणवठ्याकडे पुष्कळ बिळं आहेत."

पेनीचं नावही त्यानं काढलं नाही. तिच्या मनात थोडीफार चलबिचल होती, तीही तिथंच संपली. पाणवठ्याशी तिनं पिंजऱ्याचं दार उघडलं. बोका जमिनीला पोट घासत झुडपात शिरला.

पुढचे कित्येक दिवस ती मजेत होती. गावातल्या दुकानात कळलं, लेस्टरची झोप उडालीये, रोज फाडलेले बिल्बी सापडतायत. "अरेरे," ती म्हणाली आणि घरी येऊन दोन अंडी जास्त तळली.

मग एका सकाळी लेस्टरच दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं न विचारता आत येऊन टेबलावर बिल्बीची एक मेलेली मादी ठेवली. तिच्या पोटाच्या पिशवीत उघडंवाघडं पिल्लू अजून वळवळत होतं.

"पाणवठ्याशी तुझ्याच चाकांचे ठसे होते, नोरीन."

"असतील."

"माझं डोकं फोडायचं होतंस. हिनं काय केलं होतं तुझं?"

"पेनीनं तुझं काय केलं होतं?"

पेनी म्हणजे ती कुत्री, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग पिल्लू पिशवीतून अलगद काढून, शर्टाच्या आत धरून तो निघून गेला.

नोरीननं मादी शेडमागे पुरली. नंतर जेवायला बसली आणि ताट तसंच ठेवून उठली. मनात शिव्या उसळत होत्या, सगळ्या लेस्टरच्या नावानं. पण डोळ्यांपुढून ते गुलाबी पिल्लू हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सापळे आणि बंदूक घेऊन फाटकावर गेली. लेस्टरनं कुलूप काढलं. बोका मोठा बेरकी निघाला. सशाच्या मांसाला भुलेना, माशाच्या डोक्यांना भुलेना. नोरीन गाडीतच राहिली, गाडीतच जेवली. शेवटी एका थंडगार पहाटे तो पाणी प्यायला आला आणि तिनं एकाच गोळीत आडवा केला.

"चहा टाकलाय," लेस्टर फाटकाशी चाचरत म्हणाला. "नोरीन, त्या पेनीचं... माझं चुकलंच गं."

"चुकलंच," ती म्हणाली. "आणि मला ते पुरत नाही."

तिनं बोका त्याच्या पायाशी टाकला आणि गाडी वळवली.