वळणावरचा त्रिशूळ

कामशेतच्या खाली इंद्रायणी जिथं कोपरासारखी वळते, तिथं त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. पलीकडच्या काठावर वाळूत एक त्रिशूळ उभा होता. तीन वर्षांपूर्वी सरितानाथ महाराजांनी तो घोटाभर पाण्यात रोवला होता. आता पाणी त्याच्यापासून वीस पावलं दूर गेलं होतं. नदीनं माघार घेतली! लोक वाळूवर डोकं टेकवून येत होते, आणि महाराज नदी खिशात घातल्याच्या ऐटीत अलीकडच्या काठावर बसले होते.

आज दुसरा त्रिशूळ इथं, ठाकरवाडीच्या खाली रोवायचा होता. ह्या बाजूचा काठ दर पावसाळ्यात ढासळत होता आणि सावित्राबाईच्या घरापासून आता जेमतेम सहा पावलांवर आला होता. तिची लेक मंगल अंगणवाडीत सेविका. महिनाभर विनवण्या करून तिनं आईला पावसाळ्यापुरतं वरच्या शाळेत राहायला राजी केलं होतं. भांडीसुद्धा पोत्यात भरून झाली होती.

"इंद्रायणी माझी लेक आहे!" महाराज गरजले. "लेक बापाचं ऐकते. पण एक अट आहे. घर सोडाल, तर त्रिशूळ झोपेल, त्याची शक्ती जाईल!"

सावित्राबाई घरात गेली, तिनं पोतं सोडलं आणि तवा परत चुलीवर ठेवला.

मंगल तडक गर्दीतल्या कोंडाजी आबांकडे गेली. आबांचा सगळा जन्म भातखाचरात गेलेला. पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द वाडीत कुणी मोडत नसे.

"आबा, खाचराचा पाट वळतो तितं दगड कुठल्या अंगाला लावता?"

"भाईरच्या. ह्ये काय इचारणं झालं?"

"आन् आतल्या?"

"तितं कशाला? आतल्या अंगाला पानी सुस्त, गाळ आपसूक बसतो. भाईरच्या अंगाला धडकतं, बांध खातं."

"मंग त्यो पलीकडचा त्रिशूळ वळणाच्या कुठल्या अंगाला हाय? आन् आमचं घर?"

आबांनी पलीकडं पाहिलं, मग पायाखाली पाहिलं.

"ह्ये म्हाराज पयलं वाळू काढायच्या होडीवर व्हते," मंगल ओरडून सांगू लागली. "वाळू कुटं साठती ते त्यांना पाठ हाय. साठती तितंच त्रिशूळ रोवला! नदी मागं न्हाई गेली, ती हिकडं सरकली. तितं वाळू वाढती तसा हितं आमचा काठ जातो."

क्षणभर वाटलं, जमलं. नारळ धरलेले हात खाली आले. पण महाराज नुसते हसले.

"पोरी, पाट माणसानं खोदला, तो माणसाच्या अकलेनं चालणार. नदी देवानं काढली. तिला पाटाचे कायदे लावतेस?"

टाळ्या पडल्या, आणि पहिली टाळी कोंडाजी आबांची होती. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. पण त्यांचंही घर त्याच काठावर होतं, आणि त्या वयात वाडी सोडण्यापेक्षा त्रिशूळ खरा मानणं सोपं होतं.

"आये, चल गं," मंगल रडकुंडीला आली.

"न्हाई बाय. मी गेले आन् त्रिशूळ झोपला, तर सारी वाडी माझ्या नावानं बोटं मोडंल."

ऑगस्टमध्ये लोणावळ्याकडं चार दिवस धो धो पाऊस कोसळला. वरच्या धरणातून पाणी सोडलं. भोंगा वाजला तेव्हा भर दुपार होती. मंगल अंगणवाडीतून धावत आली. लाल पाणी वळणावर धडका देत होतं. वरून काठ धड दिसत होता, पण खालून माती पोखरली जात होती. आधी काठावर रोवलेला दुसरा त्रिशूळ गेला. सावित्राबाई दारात हात जोडून उभी होती. मंगलनं हाक मारली, तशी ती वळली, आणि ओट्यासकट घर खाली बसलं.

तिसऱ्या दिवशी ती सापडली. दोन कोस खाली, अशाच एका वळणाच्या आतल्या अंगाला, जिथं नदी हातातलं सगळं टाकून देते.

"एकीनं शंका घेतली, त्रिशूळ कोपला," महाराज दहाव्याला म्हणाले. सगळ्यांच्या माना मंगलकडं वळल्या. त्या आठवड्यापासून अंगणवाडीत पोरं येईनाशी झाली.

सांगायचं ते एवढंच. वळणावर पाणी बाहेरचा काठ खातं आणि आतल्या काठाला गाळ टाकतं. त्याला भक्ती कळत नाही, शंकाही कळत नाही. ज्याच्या घराजवळचा काठ दरसाल ढासळतो, त्यानं नारळ खाली ठेवावा आणि भांडी उचलावीत. हे कुणी ऐकेल, अशी आशा मात्र फारशी उरलेली नाही.

पुढच्या आवणीला, भातलावणीच्या दिवसांत, मंगल खाचरावरून चालली होती. कोंडाजी आबा पाटाच्या वळणावर दगड लावत होते, बाहेरच्या अंगाला, एकेक ठोकून. त्यांनी मान वर केली नाही. शेवटचा दगड बसवून आबांनी हात धुतले, बांधावरचा नारळ उचलला आणि ते तिसरा त्रिशूळ रोवायला नदीकडं निघाले.