मुंगी पडली, तुकडी चालली

अंगाने चिमुकली म्हणून तुकडीत सगळे तिला मुंगी म्हणायचे. लष्करी प्रशिक्षणात नुकतीच ती तुकडीप्रमुख झाली होती. आज सरावाची परीक्षा होती: टेकडीवरची पाण्याची टाकी ‘शत्रू’कडून घ्यायची.

निघण्यापूर्वी तिने जमिनीवर वाळूची टेकडी रचली. दोरीचा ओढा केला, डब्याचं झाकण म्हणजे टाकी.

“आपण डावीकडच्या झुडपांतून जायचं,” ती म्हणाली. “पण ध्यानात एकच ठेवा. मागून येणारी कंपनी त्या टाकीखालूनच जाणार आहे. ती पोचायच्या आत टाकी आपल्या ताब्यात हवी. वाट बदलली तरी चालेल.”

मग तिने प्रत्येकाकडून ते वदवून घेतलं. तिचा दुय्यम, सगळ्यांत उंच म्हणून ‘उंट’, वैतागला. “आता झोपेतसुद्धा टाकीच दिसेल!”

“दिसू दे की.”

झुडपं जवळ येताच आडोशातून त्यांचे प्रशिक्षक उठले. तुकडी त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांनी तिच्या खांद्यावर काठी टेकवली. “तू मेलीस. आडवी हो. तोंडातून शब्द काढायचा नाही.”

ती गवतात पडली. तेवढ्यात झुडपांतून मशीनगन कडाडली. काडतुसं बिनगोळीची होती, पण आवाज खरा होता. उंटाने एकदा तिच्याकडे पाहिलं. ती आभाळाकडे बघत राहिली.

“दोघं इथून मारा चालू ठेवा!” तो ओरडला. “बाकीचे माझ्यामागे, ओढ्यातून!”

ओढ्यातून? तिथे गुडघाभर चिखल! तिने ओठ घट्ट दाबून धरले. बराच वेळ नुसता गोळीबार ऐकू येत राहिला. मग टेकडीवरून लांब शिट्टी आली. टाकी आपली! ती पडल्या पडल्या हसली.

नंतर झाडाखाली उस्तादांनी विचारलं, “ओढ्यात उतरायचा हुकूम कुणाचा?”

“कुणाचाच नाही, साहेब,” उंट म्हणाला. “झुडपांत मशीनगन निघाली. टाकी तर घ्यायचीच होती.”

उस्ताद मुंगीकडे वळले. “ओढा तू का टाळलास?”

“चिखलामुळे, साहेब. चुकलंच माझं.”

“चुकलंच. पण तुझी चूक सावरायला तुझी माणसं तयार होती. परवा मी दुसऱ्या एका प्रमुखाला मारलं, तर त्याची तुकडी मयताला आल्यासारखी भोवती बसली!” सगळे खो खो हसले. “पास. उद्यापासून नव्या प्रमुखांना वाळूवरची आखणी तू शिकवायचीस.”

संध्याकाळी तिने घरी फोन लावला. “आई, आज मी मेले.”

“कार्टे! भलतंसलतं काय बोलतेस?”

“अगं, सरावात! ऐक तर, मग काय झालं...” आणि धुळीने माखलेले बूट काढता काढता ती रंगवून सांगू लागली.