मुठी उघडा

“मुठी उघडा!” अंपायर ओरडला, आणि भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्यांनी बोटं वर केली.

प्रवेश परीक्षा सुटली की केंद्राबाहेरच्या फुटपाथवर बसून उत्तरं ताडून बघायची, ही क्लासमधल्या मुलांची जुनी पद्धत. एकाने प्रश्न आणि चारही पर्याय वाचायचे. बाकीच्यांनी मुठी झाकून ठेवायच्या आणि हाक आली की आपल्या पर्यायाइतकी बोटं एकदम वर करायची. दुसऱ्याचं बघून उत्तर फिरवायची सोय नको, म्हणून ही खबरदारी. वाचणारा मुलगा क्लासमध्ये सगळ्यात हुशार. त्याने दिला तो निकाल, त्यावर दाद ना फिर्याद, म्हणून त्याचं नाव अंपायर पडलं होतं.

ताईने दोन बोटं वर केली होती. शेजारी बसलेल्या तिच्या धाकट्या बहिणीनेही दोनच. अंपायरने तीन दाखवली.

“घ्या! दोघी बहिणी एकाच चेंडूवर आउट,” टोकाला बसलेला क्लासमधला लंबू म्हणाला.

सगळे हसले. ताईही हसली. तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या माणसाला एवढं हसता यायलाच हवं. तिच्याबरोबर पहिल्या खेपेला बसलेल्या मुली केव्हाच कॉलेजात गेल्या होत्या, आणि आता सगळा क्लास तिला ताई म्हणायचा. ही शेवटची खेप, असं घरी ठरलं होतं. नाही जमलं तर काकांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं. वडील हे रागावून बोलले असते तर ती भांडली असती. ते थकून बोलले होते.

धाकटीची मात्र ही पहिलीच वेळ. वर्षभर तिला ताईनेच शिकवलं होतं.

पुढचा प्रश्न दोघींचा चुकला. त्याच्या पुढचा बरोबर आला, पण मग चुकांची रांगच लागली. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, पाठ भरून आली होती. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, पण इथे तर तिच्या पायाला धाकटीही बांधलेली होती. आपण हिला चुकीचं शिकवलं, हा एकच विचार ताईला छळत होता. स्वतःच्या चुकांचं तिला आता फारसं काही वाटत नव्हतं.

“मुठी उघडा!”

या वेळी तिने सहज वळून पाहिलं. धाकटीची मूठ हाकेबरोबर उघडली नाही. ती किंचित मागून उघडली, आणि धाकटीची नजर ताईच्या हातावर होती.

अंपायरने पान उलटलं. “लंबकाची दोरी चौपट केली, तर दोलनकाल किती? निम्मा, तेवढाच, दुप्पट, चौपट.”

गेल्याच आठवड्यात दोघींनी कपाटाच्या किल्लीला दोरा बांधून हे करून पाहिलं होतं. धाकटी झोके मोजत होती. झोपेतून उठवून विचारलं तरी तिने दुप्पट म्हणून सांगितलं असतं. पेपरात ताईनेही तेच लिहिलं होतं.

“मुठी उघडा!”

ताईने चार बोटं वर केली. क्षणभराने धाकटीनेही चार.

“काय ताई! हे तर मला तूच समजावलं होतंस,” अंपायर म्हणाला.

“विसरले बघ,” ताई म्हणाली.

तिला आनंद झाला, अगदी पोटातून आनंद झाला. त्याच्या मागोमाग इतकं एकटं वाटलं की तिने दप्तर उचललं आणि ती उठून उभी राहिली.

“अगं, अजून अर्धा पेपर आहे!” लंबू म्हणाला.

“असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. चल गं.”

दोघी बसस्टॉपवर पोचल्या. तेवढ्यात आईचा फोन आला.

“कसे गेले गं पेपर?”

“हिचा फार छान गेला, आई.”

“ताई, काहीतरीच काय…” धाकटी पुटपुटली.

“आणि तुझा?” आईने विचारलं.

ताई बाकावर टेकली. “काकांना सांग, सोमवारपासून येते मी.”

“अगं, निकाल तर लागू दे.”

“नको. आजच सांगून टाक.”

तिने फोन ठेवला तेव्हा धाकटी रडत होती. “त्या सगळ्यांसमोर तू एकटीच चुकत होतीस. मला बघवेना.”

“कळलं मला.”

“पुढच्या वर्षी परत दे ना. मी शिकवीन तुला. खरंच शिकवीन.”

“मला नकोय गं पुढचं वर्ष,” ताई म्हणाली.

हे वाक्य तिने आजवर कुणालाच, अगदी मनातल्या मनातही, म्हटलेलं नव्हतं. धाकटीने डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला अडकवलं.

बस आली. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर तिकिटं द्यायला येण्याआधीच ताईला गाढ झोप लागली होती.