दर्या न पाहिलेला हात

कसबा बावड्यात अल्लाउद्दीन नगारजींचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की कुठल्या तरी ढोलकीवर थाप पडलेली ऐकू येते, त्या आवाजामागं चालत जायचं. दुकान म्हणजे एवढीशी खोली. भिंतीला हलग्या, ढोलक्या आणि भजनी मंडळांचे पखवाज टांगलेले. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बाहेरून मळीचा वास, आतून भिजत घातलेल्या कातड्याचा. दोन्ही मिळून अशी काही हवा होते की नवखं गिऱ्हाईक रस्त्यावरूनच बोलतं. असल्या गिऱ्हाइकाला अल्लाउद्दीन 'नाकाचा नवाब' म्हणतात आणि त्याचं काम मुद्दाम चार दिवस उशिरा देतात.

सगळी वाद्यं एकीकडं आणि आचवलीचा नगारा एकीकडं. आचवली म्हणजे घाटाखालचं जुनं बंदर. तिथल्या नावकाई देवीचा तांब्याचा नगारा दर तीन वर्षांनी घाट चढून बावड्याला येतो, नगारजींच्या हातून मढवला जातो आणि मार्गशीर्षातल्या जत्रेला परत उतरतो. चार पिढ्यांचं तर सांगता येतं, त्याच्या आधीचं अल्लाला ठाऊक. वाटेत मढवणारे काय कमी आहेत? पण नाही. हा नगारा ज्यानं समुद्र कधी पाहिला नाही अशाच माणसानं मढवायचा, अशी अट आहे.

अट नुसती सांगायपुरती नव्हती. भिजलेलं कातडं नगाऱ्याच्या तोंडावर पसरलं की मढवणाऱ्यानं त्यावर उजवा पंजा ठेवायचा आणि आचवलीहून आलेल्या माणसादेखत म्हणायचं, "ह्या हाताच्या धन्यानं दर्या बघितला न्हाय." मगच कातडं ताणायची पहिली वादी ओढायची. त्यामुळं नगारजींच्या घरातलं कुणी घाट उतरत नसे. रत्नागिरीला नात्यातलं लग्न निघालं तर आहेर जायचा, माणूस जायचं नाही. घरातल्या बायका कातडी धुतात, भिजवतात, म्हणून त्यांनाही तोच नेम. पहिला टीव्ही घरात आला तेव्हा अल्लाउद्दीनच्या वडिलांनी आठ दिवस विचार करून निकाल दिला होता, "काचेतला दर्या दर्या न्हवं. बघा खुशाल."

इरम ही अल्लाउद्दीनची एकुलती एक लेक. वय एकतीस, इतिहास घेऊन बीए झालेली आणि हाताला बापापेक्षा कणभर सरसच. तिची खोड एकच. कुणी काही सांगितलं की 'असं का?' हे विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. समुद्र बघायचा नाही हे ठीक, पण का बघायचा नाही?

आजोबांची गोष्ट अशी होती. पूर्वी धुक्यात गलबतं वाट चुकायची तेव्हा आचवलीच्या बुरुजावर हा नगारा वाजवायचे. आवाजाच्या रोखानं नावा बंदरात यायच्या. हातातली शिकार जाते म्हणून दर्या चिडायचा. ज्या हाताला तो ओळखतो त्या हातानं मढवलेल्या नगाऱ्याचा आवाज तो गिळून टाकायचा. म्हणून मग लोकांनी दर्याला ओळख नसलेला हात शोधला, तो थेट घाटावर. लहानपणी इरमला ही गोष्ट इतकी आवडायची की ती आजोबांना रोज तीच सांगायला लावी. मोठी झाल्यावर तिला पहिली शंका आली. दर्याला माणूस दिसतो की माणसाला दर्या? ओळख नक्की कोण कुणाची ठेवतं?

दुसरी गोष्ट कागलच्या चनबसाप्पांची. हे भजनी मंडळातले पखवाजवाले, दुकानात आले की चहा झाल्याशिवाय उठायचे नाहीत. ते म्हणायचे, "तसं न्हवं, अव्वा. खाऱ्या वाऱ्यात कातडं धड वाळत न्हाय. समुद्राकाठी मढवलेलं दोन म्हैन्यांत ढिलं पडतंय. तुझ्या पणज्यानं डोकं चालवलं आणि धंद्याला देवीची मोहर मारून घेटली, झालं." अल्लाउद्दीन यावर चिडून त्यांचा पखवाज आठ दिवस शिवायचे नाहीत. इरमला मात्र हे पटायचं. निम्मं पटायचं. कातडं वाळत नाही म्हणून घाटावर आणलं असेल. पण मग वाळवणाऱ्याच्या बायकोनं समुद्र बघायला काय हरकत होती?

खरी गोम निराळीच होती. इरमनं समुद्र पाहिला होता. नववीत असताना शाळेच्या सहलीबरोबर ती गणपतीपुळ्याला जाऊन आली होती, आणि ही गोष्ट अब्बांना माहीत नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तिनं सतरा वर्षं मूठ झाकून ठेवली. नगाऱ्यावर पंजा ठेवायचे ते अब्बा, आपण नुसत्या हाताखालच्या, असं ती मनाला समजावत आली. पण अल्लाउद्दीनच्या उजव्या हातातला जोर आधीच गेला होता, या दोन वर्षांत त्याला कंपही सुटला. चहाची बशीसुद्धा धड धरवेना. या वर्षी नगारा इरमनंच मढवायचा हे ठरलं, आणि तिची झोप उडाली. खरं बोलावं तर पिढ्यान्पिढ्यांचा मान तिच्यापाशी येऊन संपणार. खोटं बोलावं तर ते भिजल्या कातड्यावर हात ठेवून, बापासमोर. इकडं आड तिकडं विहीर.

नगारा आला तो सकाळी दहाच्या सुमाराला. या खेपेला बाबल तारी नावाचा नवा माणूस आला होता, चाळिशीचा, उन्हानं रापलेला. पूर्वी त्याचे वडील यायचे. त्यांचं आता वय झालं होतं. नगारा उतरवून घेतला, जुनं कातडं सोडवलं, तांब्याचं भांडं चिंचेनं घासलं. चनबसाप्पाही वेळ साधून आलेच होते. बाबल कोपऱ्यात मांडी घालून बसला तो तोंड उघडेना. त्याचे वडीलही असेच बसायचे. इरमला आठवलं, अब्बांनी ते वाक्य उच्चारलं की तो म्हातारा मान खाली घालून हात जोडायचा. लहानपणी तिला वाटायचं, काय यांची देवीवर भक्ती!

कातडं पसरून झालं. अल्लाउद्दीन स्टुलावर सरसावून बसले.

"हां. ठेव हात आणि म्हण."

इरमनं पंजा ठेवला. कातडं गार होतं. "ह्या हाताच्या धन्यानं..." म्हणाली आणि थांबली. अब्बांना वाटलं, पोरगी शब्द विसरली. ते ओठ हलवून पुढचे शब्द सांगू लागले. ते बघून तिला भडभडून आलं आणि तिनं हात उचलला.

"अब्बा, मी बघितलाय."

"काय?"

"दर्या. नववीत हुतो तवा. सहलीत."

"सहल विजापूरला गेलती. गोलघुमट बघाय."

"विजापूरला गेलीच न्हवती."

"अगं, कागदावर सही मी केलती!"

"सही अम्मीनं केलती. तुमची."

चनबसाप्पांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. अल्लाउद्दीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. चार पिढ्या काढल्या, म्हणाले. सख्ख्या बहिणीच्या मयतीला चिपळूणला गेलो न्हाय, म्हणाले. आणि घरातच चोर! इरमही शेवटी त्यांचीच मुलगी. ती म्हणाली, "गेल्या बारीला तुमच्या हातात जोर न्हवता. सगळ्या वाद्या मी ओढल्या. मग दर्यानं आवाज गिळला का? इचारा की पावण्यांस्नी."

सगळे बाबलकडं वळले. तो बिचारा कधीचा गोंधळून एकदा बापाकडं, एकदा लेकीकडं बघत होता.

"आवाज? तीन गावांत ऐकाक येता," तो म्हणाला. "पण ताईन दर्या बघलो, तेच्यात इतक्या रागवाक काय झाला?"

"काय झालं?" अल्लाउद्दीन ओरडले. "तुमच्या देवीचा नेम मोडला की!"

"देवीचो असो काय नेम नाय, नगारजीनू. कोणी सांगल्यान तुमका?"

इरमला रडू यायच्या बेतात होतं, पण खोड जाते कुठं? ती बाबलच्या समोर जाऊन बसली. "मग काय हाय? तुमच्याकडं काय सांगत्यात?"

बाबल आधी नको म्हणाला. निघताना त्याच्या वडिलांनी बजावलं होतं, थय दर्याचो विषय काढू नको, त्या घराचा दुःख असा ता. पण इरमनं पिच्छा सोडला नाही, तेव्हा तो हळूहळू सांगायला लागला.

आचवलीत सांगतात ते असं. नगारजी मूळचे आचवलीचेच. गलबतांच्या काळात त्यांचा मूळपुरुष हसन बंदरावर नगारे मढवायचा. त्याचे दोन्ही मुलगे गलबतावर होते. एका पहाटे दाट धुकं पडलं. बुरुजावर नगारा वाजवायला घेतला तर दमट हवेनं कातडं पार ढिलं पडलेलं, आवाजच निघेना. गलबत खडकावर आपटलं. नगारा हसनच्या हातचा आणि पोरंही हसनचीच. त्यानं घराला कडी घातली आणि घाट चढून इकडं आला. पुन्हा दर्याचं तोंड बघणार नाही, म्हणाला. पुढं गावानं दुसऱ्यांकडून नगारे मढवून घेतले, पण ते काही खरे नव्हेत. शेवटी गावची जाणती माणसं नगारा बैलावर घालून बावड्याला आली आणि त्याच्या दारात तीन दिवस बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हातारा बाहेर आला. नगारा तुम्ही वर आणा, मी खाली येणार नाही, एवढंच बोलला. गावानं ते कबूल केलं. दर तीन वर्षांनी न्यायचा, आणि त्या दारात दर्याचं नाव काढायचं नाही, म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ पडायला नको.

"तुमी हात ठेवून ता बोलतास ना," बाबल म्हणाला, "माझो बापूस घरी येऊन सांगायचो, अजून तेंचो राग गेलो नाय. जत्रेत पयला पान घाटावरच्या नगारजीच्या नावान वाढतत. तेच्यावर कोण बसना नाय. पोरा इचारतत, हेंचो रुसवो कधी जातलो? आजे सांगतत, दोन पोरा गेली तेंची, रुसांदेत."

बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, म्हणतात ते खोटं नाही. एका गावानं दुःखाचा मान राखून तोंड मिटून घेतलं, एका घरानं त्या मिटल्या तोंडाची अट करून टाकली, आणि मध्ये एक घाट तेवढा उभा. विचारायची कुणाला बुद्धीच झाली नाही. इरमला याचं हसू येत होतं आणि आजोबांची आठवण होऊन वाईटही वाटत होतं. तिला वाटलं, आता अब्बांचा राग उतरेल.

राग उतरला होता खरा. पण अल्लाउद्दीन हसले नाहीत. ते स्टुलावरून उतरून नगाऱ्याजवळ खाली बसले.

"म्हंजे सुगराला मी नेली असती तर चाललं असतं," ते म्हणाले.

सुगरा म्हणजे इरमची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. चनबसाप्पांनी नजर फिरवली.

"दोनदा म्हणालती मला," अल्लाउद्दीन सांगू लागले. "लगीन झाल्यावर एकदा, आणि तू झाल्यावर एकदा. चला की, लांबनंच बघून येऊ. मी तिच्या अंगावर वरडलो. परत कधी बोलली न्हाय. आणि तुला धाडली व्हय तिनं?"

"व्हय."

"आल्यावर तुला काय इचारलं का न्हाय तिनं?"

इरमला हे सांगायचं नव्हतं. सहलीची मूठ उघडली तरी त्यातला हा एक दाणा तिनं आतच धरून ठेवला होता. पण अब्बा वाट बघत होते.

"त्याच राती भाकरी थापता थापता इचारलं. कसा असतोय गं? मला वाटलं, मी लई चांगला म्हटलं तर तिचा जीव तळमळंल. म्हणून म्हणालो, काय न्हाय अम्मी, आपल्या रंकाळ्यावानीच हाय. जरा मोठा."

"मग?"

"हसली. म्हणाली, मग बरं झालं, लांब जाया नगं."

अल्लाउद्दीननी नगाऱ्याच्या तांब्यावर हात टेकला. मग म्हणाले, "दर जुम्म्याला हट्ट धरायची. रंकाळ्यावर न्या म्हणून. तिथं गेल्यावर भेळ न्हाय, गप्पा न्हाय, नुसती पाण्याकडं तोंड करून बसायची. मी म्हणायचो, रोजचंच पाणी, त्यात बघतीस काय?"

सतरा वर्षं इरम समजत होती की आपण आईला फसवलं. टीव्हीवर हजारदा समुद्र बघितलेली बाई, तिला काय रंकाळा आणि दर्या यांतला फरक कळत नव्हता? तिनं लेकीचं खोटं ओळखलं होतं आणि त्यावरच भागवून घेतलं होतं. इरम अब्बांच्या खांद्याला टेकून रडली. कातडं वाळायला लागलंय हे चनबसाप्पांच्या ध्यानात आलं. त्यांनी उठून त्यावर पाणी मारलं.

थोड्या वेळानं अल्लाउद्दीननी डोळे पुसले. "ओढ वादी," लेकीला म्हणाले. "कामाचा खोळंबा नगं."

"हात ठेवून काय म्हणू?"

"काय म्हणायचं न्हाय. ओढ."

इरमनं पहिली वादी ओढली. बाबलनं बापानं शिकवल्याप्रमाणं मान खाली घातली, मग चुकलंच म्हणून वर केली. दुपारपर्यंत नगारा मढवून सावलीत ठेवला. बाबल निघायला उठला आणि आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाला.

"येताना मोठी गाडी आणा," अल्लाउद्दीन म्हणाले.

"मोठी कशाक? नगारो तेवढोच असा."

"नगारा तेवढाच हाय. माणसं दोन हायत."

बाबल वाकून त्यांच्या पाया पडायला लागला तसं अल्लाउद्दीननी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"आणि गावात सांगा," ते म्हणाले. "त्या पानावर औंदा मी बसणार हाय. शेजारी आणि एक पान वाढा. सुगराच्या नावाचं."